'अटेन्शन'ला कुठलं क्रियापद लावायचं? पे, गिव्ह, ड्रॉ, की आणखी काही?

राजारामपुरी_आठवी
माझ्या संध्याकाळच्या बॅचला येणारी बहुतेक मंडळी मराठी माध्यमातली, डिप्लोमा नाहीतर बीकॉम झालेली. कुणी गोकुळ शिरगावला, कुणी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. रोज इंग्रजी मेल लिहावी लागते म्हणून येतात. व्याकरण तसं बरं असतं त्यांचं. काळ चुकत नाही, वचन चुकत नाही. गाडी अडते ती नामाला सोबत कुठलं क्रियापद द्यायचं इथं. त्यातही अमूर्त नाम आलं की हमखास. आज एकाच शब्दापुरतं बोलू, 'अटेन्शन'. वह्यांमधले नमुने देते:

गिव्ह अटेन्शन ऑन स्टडी.
कीप अटेन्शन ऑन द बॉय.
पुट अटेन्शन इन धिस मॅटर.
इट इज नॉट इन माय अटेन्शन.

चारही वाक्यांच्या पाठीमागं मराठी उभी आहे. अभ्यासावर लक्ष दे. पोरावर लक्ष ठेव. या प्रकरणात लक्ष घाल. ते माझ्या लक्षात नाही. मराठीत चारही अस्सल. इंग्रजीत 'अटेन्शन' बसतं ते फक्त पहिल्या जागी, तेही 'पे अटेन्शन टू' असं. दुसऱ्याला 'कीप ॲन आय ऑन', तिसऱ्याला 'लुक इन्टू', आणि चौथ्याला तर साधं 'आय डोन्ट रिमेम्बर'.

म्हणजे आपल्याकडं 'लक्ष' जागचं हलत नाही, आणि देणे-ठेवणे-घालणे ही क्रियापदं अर्थ फिरवतात. इंग्रजी मात्र वेळ आली की नामच टाकून देते. ज्या पोरानं 'लक्ष म्हणजे अटेन्शन' असं पाठ केलंय त्याचा घात ठरलेला.

नुसती यादी देऊन पाठ करा म्हटलं तर आठवड्यात विसरतात. काही खूण आहे का कुणाकडं, कुठं 'अटेन्शन' चालेल आणि कुठं नाही हे ओळखायची?

बुलेटवाला_कोल्हापुरी
ताई, कशाला एवढा ताप घेताय? समोरच्याला कळलं की झालं. आमचे सुपरवायझर रोज 'पुट अटेन्शन' म्हणून ओरडत्यात, मशीन काय बंद पडलं नाही अजून.

ओतकाम
बुलेटवाले भावा, शॉपफ्लोअरवर कळतं, कारण तिथं साहेबाचा हात कुठं दाखवतोय ते दिसतं. मेलमध्ये हात दिसत नाही.

मी एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघतो. परदेशी गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये 'अटेन्शन' कसं येतं ते सांगतो, म्हणजे ताईंच्या यादीत भर पडेल. कास्टिंगमध्ये पोरॉसिटी, म्हणजे आत बारीक पोकळ्या निघाल्या, लॉट रिजेक्ट झाला की पहिली मेल येते, 'धिस रिक्वायर्स युअर इमिजिएट अटेन्शन'. आपण गप्प बसलो तर दुसरी, 'मे आय ड्रॉ युअर अटेन्शन टू अवर मेल ऑफ' अमुक तारीख. तिसऱ्यात साहेबांच्या साहेबाला कॉपी, 'इट हॅज बीन ब्रॉट टू माय अटेन्शन दॅट'. ही तिसरी आली की जेवणाची सुट्टी गेली समजायचं.

आपल्या बाजूनं जुने लोक काय लिहायचे? 'द मॅटर इज रिसीव्हिंग अवर अटेन्शन.' व्याकरणाला एकदम चोख. अर्थ एवढाच, की अजून कुणी काही केलेलं नाही.

आणि ऑडिट रिपोर्टमधला शेरा विसरायला नको: 'लॅक ऑफ अटेन्शन टू डीटेल'. मराठीत आम्ही त्याला 'बारकाईनं बघत नाहीत' म्हणतो. आमच्याकडं 'तपशिलाकडे लक्ष' असं सहसा कुणी म्हणत नाही.

कळंब्याची_आई
माझा प्रश्न जरा बाजूचा आहे, पण शब्द तोच. पालकसभेत मुलीच्या बाई म्हणाल्या, 'शी नीड्स मोअर अटेन्शन'. घरी आल्यावर आमच्यात वाद. ह्यांचं म्हणणं, पोरगी वर्गात लक्ष देत नाही, तिला दटाव. मला वाटलं, बाईंना म्हणायचंय की तिच्याकडं आपण जास्त लक्ष द्यायला पाहिजे. कोण बरोबर?

राजारामपुरी_आठवी
ताई, इंग्रजीच्या हिशोबानं तुम्ही. 'नीड' लागलं की लक्ष दुसऱ्याकडून यायचं असतं. रोपाला पाणी लागतं तसं. मुलीनं द्यायचं असतं तर 'शी नीड्स टू पे मोअर अटेन्शन' म्हणाल्या असत्या. 'नीड', 'गेट', 'रिसीव्ह', 'डिझर्व्ह', 'सीक' या सगळ्यांत कर्त्याच्या पदरात लक्ष पडतं. 'पे', 'गिव्ह', 'डिव्होट' यांत कर्त्याच्या खिशातून जातं. एका 'पे'मुळं वाक्याची दिशा उलटी होते.

अर्थात बाईंच्या मनात काय होतं ते बाईंनाच माहीत. 'पे' गाळून बोलणारे शिक्षक मी पुष्कळ बघितलेत. एकदा मराठीतच विचारून घ्या.

जुना_राजारामियन
आठवी गल्लीच्या बाईंनी खूण मागितली आहे, ती देण्याचा प्रयत्न करतो. जरा लांबण लागेल. निवृत्त माणसाला सवड असते.

आधी थोडं मागचं. शब्दांच्या अशा ठरलेल्या सोबतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. या गोष्टीकडं शिकवण्याच्या अंगानं गांभीर्यानं पाहण्याचं काम लंडनपेक्षा तोक्योत आधी झालं. हॅरल्ड पामर हा इंग्रज तिथं जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीसाठी संशोधन संस्था चालवत होता. १९३३ साली त्यानं इंग्रजी कोलोकेशन्सचा मोठा अहवाल काढला. त्याच संस्थेत पुढं ए. एस. हॉर्नबी होते. त्यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश १९४२ मध्ये तोक्योत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो आपल्या नावानं काढला. आपल्या पिढीच्या टेबलावर जाडजूड 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' असायचा, त्याचं मूळ हे. कारण उघड आहे. इंग्रजाच्या पोराला 'पे अटेन्शन' शिकवावं लागत नाही, त्यामुळं तिथं कुणाला अडचण जाणवली नव्हती. जपानी मुलगा अडला तेव्हा ती दिसली.

आता खूण. 'अटेन्शन' लॅटिन 'अत्तेन्देरे'वरून आलं. 'अद्' म्हणजे कडे, 'तेन्देरे' म्हणजे ताणणे. मन एखाद्या गोष्टीकडं ताणून नेणं. म्हणून या शब्दाला 'टू' चिकटलेलं आहे, आणि 'टू'चा मराठी जोडीदार 'कडे'. माझा आडाखा असा: मराठी वाक्यात 'कडे लक्ष' असेल तर इंग्रजीत बहुधा 'अटेन्शन टू' चालतं. 'वर लक्ष' किंवा 'त लक्ष' आलं की 'अटेन्शन' सोडून द्यावं.

करून बघा. कडे लक्ष देणे, 'पे अटेन्शन टू'. कडे लक्ष वेधणे, 'ड्रॉ अटेन्शन टू'. कडे लक्ष वळवणे, 'टर्न वन्स अटेन्शन टू'. उलट वर लक्ष ठेवणे म्हणजे 'कीप ॲन आय ऑन', 'वॉच', कारखान्यात 'मॉनिटर'. त लक्ष घालणे म्हणजे 'लुक इन्टू', 'टेक अप'. 'लक्षात' तर पूर्ण वेगळं घराणं. लक्षात येणे 'रिअलाइझ', लक्षात ठेवणे 'रिमेम्बर', लक्षात घेणे 'कन्सिडर' किंवा 'टेक इन्टू अकाउंट'. या घराण्यात 'अटेन्शन'ला जवळपास प्रवेश नाही. अपवाद एकच ठळक, लक्षात आणून देणे, 'ब्रिंग टू समवन्स अटेन्शन'. ओतकामांच्या तिसऱ्या मेलमधला तोच.

बाईंच्या पहिल्या नमुन्यातलं 'ऑन' कुठून आलं तेही यावरून दिसतं. बोलताना आपण 'अभ्यासाकडे लक्ष दे' आणि 'अभ्यासावर लक्ष दे' दोन्ही म्हणतो. पोरानं दुसरं उचललं.

'पे'चं आश्चर्य वाटून घेऊ नये. मुळात तो शब्द 'शांत करणे' या अर्थाच्या लॅटिन 'पाकारे'वरून आला, ज्याचं देणं आहे त्याला शांत करायचं म्हणून पैसे. पैशाशिवायही 'पे' पुष्कळ ठिकाणी फिरतं: 'पे अ व्हिजिट', 'पे ट्रिब्यूट', 'पे अ कॉम्प्लिमेंट', 'पे वन्स रिस्पेक्ट्स'. मुलांना हा गठ्ठा एकत्र दिला तर 'पे अटेन्शन' एकटं पडत नाही.

राजारामपुरी_आठवी
सर, 'कडे'ची खूण उद्याच फळ्यावर. पण एक छिद्र लगेच दिसलं. 'सर्वांचे लक्ष निकालाकडे लागले आहे.' 'कडे' आहे, पेपरात रोज येतं. इंग्रजीत मात्र 'ऑल आइज आर ऑन द रिझल्ट'. इथं 'टू' पण नाही.

जुना_राजारामियन
खरं आहे. उलट बाजूचंही एक सांगतो. 'अभ्यासावर लक्ष केंद्रित कर.' इथं 'वर' असूनही 'फोकस युअर अटेन्शन ऑन' चालतं, कारण 'फोकस' आणि 'कॉन्सन्ट्रेट' आपलं 'ऑन' सोबत घेऊन येतात. म्हणून 'आडाखा' म्हटलं, नियम म्हटलं नाही. आडाखा दहातल्या आठ वेळा उपयोगी पडला तरी परीक्षेच्या पेपरात पुष्कळ झालं.

निपाणीकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडं घरात मराठी, बाजारात कन्नड, त्यामुळं ही भानगड तिन्ही बाजूंनी बघतो. कन्नडमध्ये लक्षाला 'गमन' म्हणतात. मराठी माणसाला वाटतं कुणी निघून चाललंय. लक्ष देणे म्हणजे 'गमन कोडु', सरळ 'देणे'. पण जरा वरच्या दर्जाच्या भाषेत, पेपरात वगैरे, 'गमन हरिसु' म्हणतात. 'हरिसु' म्हणजे वाहवणे, पाण्यासारखं सोडणे. अधिकाऱ्यांनी रस्त्याकडं लक्ष वाहवावं! आणि लक्ष वेधणे म्हणजे 'गमन सेळे', ओढणे. इंग्रजी 'ड्रॉ'ची सख्खी बहीण. मराठीतलं 'वेधणे' मात्र वेगळं, तिथं बाण मारलाय.

स्पॅनिशमध्ये तर लक्ष उसनं देतात, 'प्रेस्तार आतेन्सियोन'. मिळालं पाहिजे की परत.

हिंदीतून मराठीत येताना वेगळीच गंमत होते. तिकडं 'ध्यान दो' साधं वाक्य. आपल्याकडं 'काय ध्यान आहे!' म्हटलं तर माणूस मारायला उठेल.

मंगळवार_पेठ
ध्यान शब्द आमच्या तालमीत अजून जिवंत आहे. वस्ताद 'लक्ष दे' म्हणत नाहीत, 'ध्यान कुठाय तुझं?' म्हणत्यात, आणि तेवढ्यात पाठीवर थाप. पुढचा पट काढायच्या आत ध्यान जागेवर.

दुसरं, एनसीसीत असताना आमच्या परेडला हिंदी कमांड असायच्या, 'सावधान', 'विश्राम'. इंग्रजीत ह्या सावधानला 'अटेन्शन' म्हणतात ना? मग तिथं 'पे अटेन्शन' म्हणायचं का?

जुना_राजारामियन
नाही. तिथं 'स्टँड टू अटेन्शन', अमेरिकेत 'स्टँड ॲट अटेन्शन'. झटकन उभं राहिलं तर 'स्नॅप टू अटेन्शन'. परेडमध्ये 'पे' केलं तर सार्जंट हसेल.

बुलेटवाला_कोल्हापुरी
लग्नात भटजी सावधान म्हणतात तेव्हा पण स्टँड टू अटेन्शन? कारण तवा नवरदेव तसाच उभा असतोय.

टेबल_क्रमांक_चार
सरकारी बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. आमच्या पत्रव्यवहारात अटेन्शनला 'पे' लागलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडं लक्षाला आमंत्रण जातं, 'युअर काइंड अटेन्शन इज इन्व्हायटेड टू' अमुक क्रमांकाचं पत्र. मराठी पत्रात तेच 'उपरोक्त विषयाकडे आपले लक्ष वेधण्यात येते'. कोण वेधतंय ते दोन्हीकडं गुलदस्त्यात. पाकिटावर 'काइंड अटेन्शन' आणि पुढं साहेबांचं नाव. विलायतेत तिथं 'फॉर द अटेन्शन ऑफ' लिहितात. 'काइंड' हा आपल्याकडचा नमस्कार.

आणि 'कॉल अटेन्शन टू' हे राहिलंच. विधिमंडळातली 'लक्षवेधी' त्याच्यातूनच आली, 'कॉलिंग अटेन्शन'. हा प्रकार विलायतेतून आलेला नाही, आपल्या संसदेनं १९५४ पासून सुरू केलेला आहे. मंत्र्यानं एखाद्या तातडीच्या प्रश्नावर निवेदन करावं यासाठी. मराठीनं तर त्यातून नामच करून टाकलं. 'लक्षवेधी लागली', 'लक्षवेधी राखून ठेवली'. अधिवेशनाच्या दिवसांत आमच्याकडं 'लक्षवेधी आलीय' एवढं म्हटलं की अख्खं ऑफिस उशिरापर्यंत बसतं.

ओतकाम
टेबलवाले साहेब, ते 'काइंड अटेन्शन' मी पण परदेशी मेलमध्ये लिहायचो. एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं, हे 'काइंड' म्हणजे काय? तेव्हापासून नुसतं नाव लिहितो. देशातल्या पत्रात मात्र काढलं तर समोरच्याला उद्धट वाटतं. त्यामुळं दोन साचे ठेवलेत.

बुलेटवाला_कोल्हापुरी
आता मला पण रस यायला लागलाय. सर, एक सांगा. माझी बुलेट रंकाळ्यावरनं गेली की सगळे वळून बघत्यात. ती अटेन्शन ड्रॉ करते का अट्रॅक्ट करते?

जुना_राजारामियन
दोन्ही. 'अट्रॅक्ट' जास्त साजेसं, कारण बुलेटचा काही हेतू नाही, ती नुसती वाजते. 'ड्रॉ'ला मात्र आणखी एक अंग आहे. एखादा माणूस दुसऱ्याचं लक्ष तिसऱ्या गोष्टीकडं नेतो, ते 'ड्रॉ समबडीज अटेन्शन टू समथिंग'. नगरसेवक आयुक्तांचं लक्ष खड्ड्यांकडे वेधतो, तिथं 'ड्रॉ'. मराठी दोन्ही ठिकाणी 'वेधणे'च वापरते. बुलेटनं लक्ष वेधलं, नगरसेवकानं लक्ष वेधलं. फरक पुन्हा त्या 'कडे'चा. बुलेटच्या वाक्यात 'कडे' नाही.

हॉटेलात वेटरला बोलवायचं असेल तर 'कॅच', 'कॅच द वेटर्स अटेन्शन'. तुम्ही हात हलवलात आणि त्याचं लक्ष क्षणभर सापडलं. धरून ठेवायचं असेल तर 'होल्ड', आणि ते सुटून दुसरीकडं गेलं तर 'वॉन्डर'. चांगला वक्ता सभेचं लक्ष 'होल्ड' करतो, माझ्या शेवटच्या बाकावरच्या मुलांचं कायम 'वॉन्डर' व्हायचं.

निपाणीकर
पण सर, 'गिव्ह अटेन्शन' सरसकट चूक म्हणणं मला पटत नाही. 'गिव्ह मी युअर फुल अटेन्शन' मी इंग्रजांच्या तोंडून ऐकलंय. ताईंनी लाल शाई मारताना हे बघावं.

राजारामपुरी_आठवी
मारत नाही हो तिथं. 'गिव्ह'ला मी दोन अटींवर सोडते. एक, कुणाचं किंवा किती लक्ष ते सांगितलेलं असावं: 'युअर फुल अटेन्शन', 'माय अनडिव्हायडेड अटेन्शन', 'सम अटेन्शन'. दोन, कुणाला किंवा कशाला तेही यावं. नुसतं 'गिव्ह अटेन्शन!' म्हणून वर्गात ओरडता येत नाही, 'पे अटेन्शन!' ओरडता येतं. 'पे'ला विशेषणं चालतात पण वेगळी: 'क्लोज', 'केअरफुल', 'पर्टिक्युलर', 'लिटल', 'नो'. 'रॅप्ट' मात्र ऐकण्याबरोबर येतं, 'दे लिसन्ड विथ रॅप्ट अटेन्शन'. कीर्तनाला बसलेल्या आज्या डोळ्यापुढं आणा.

आणि एक वचनाचं. 'अटेन्शन्स' असं अनेकवचन सहसा करायचं नाही. केलं तर अर्थ बदलतो, 'अनवेलकम अटेन्शन्स' म्हणजे एखाद्यानं नको असताना मागं लागणं. एकानं साहेबांना 'थँक्यू फॉर युअर अटेन्शन्स' लिहून ठेवलं होतं. वेळेत सापडलं.

मंगळवार_पेठ
ताई, माझं एक राहिलं. आमची आजी देवळातनं बाहेर पडताना रोज म्हणते, 'अंबाबाई, लक्ष असू दे गं माये.' ह्याचं इंग्रजी काय? सरांच्या आडाख्यात 'कडे' नाही, 'वर' नाही, 'त' नाही.

जुना_राजारामियन
आजींनी प्रत्यय गिळला आहे, पूर्ण वाक्य 'आमच्यावर लक्ष असू दे'. म्हणजे 'वर', म्हणजे 'अटेन्शन' नाही. 'वॉच ओव्हर अस'. निवडणुकीत उमेदवार हात जोडून 'लक्ष असू द्या' म्हणतो, तिथं मात्र 'वॉच ओव्हर' नको. तो मत मागतोय.

कळंब्याची_आई
बाईंना विचारलं. त्यांना दोन्ही म्हणायचं होतं म्हणे. पोरगी वर्गात खिडकीबाहेर बघते, आणि घरी कुणी वही उघडून बघत नाही. आता 'दुर्लक्ष'चं पण सांगून टाका. प्रगतिपुस्तकावर 'नेग्लेक्ट्स स्टडीज' लिहिलंय, ह्यांना ते फार लागलंय.

राजारामपुरी_आठवी
'नेग्लेक्ट' जरा जडच आहे, जे करणं कर्तव्य होतं ते केलं नाही असा त्यात सूर येतो. मराठीत इथं करणे आणि होणे यांनी काम भागतं. मुद्दाम दुर्लक्ष केलं तर 'इग्नोर', कामाच्या रगाड्यात दुर्लक्ष झालं तर 'ओव्हरलुक', पोटच्या पोराकडं किंवा तब्येतीकडं दुर्लक्ष झालं तर 'नेग्लेक्ट'. गाडी चालवताना क्षणभर दुर्लक्ष झालं तर 'अ मोमेंट्स इनअटेन्शन'. मुलगी वर्गात बाहेर बघते, त्याला 'इनअटेन्टिव्ह इन क्लास' पुरेसं होतं.

ओतकाम
ताई, बॅचला शेवटचं एक द्या, आमच्या सेफ्टीच्या फॉर्ममध्ये येतं. 'सीक मेडिकल अटेन्शन.' आमच्या नव्या पोरानं मराठी फलकावर 'वैद्यकीय लक्ष शोधा' असं रंगवून घेतलं होतं. भट्टीपाशी दोन दिवस लटकत होतं ते.

राजारामपुरी_आठवी
'डॉक्टरांना दाखवा.' एवढंच लिहा, आणि खाली दवाखान्याचा नंबर.